शिडापासून यंत्रापर्यंत : नौकेच्या निगेचा इतिहास

आपल्या पवईस तलाव आहे, समुद्र नाहीं. १८९१ च्या सुमारास बांधलेल्या या तलावांत गलबत कधीं नांगरलें नाहीं. तरीही नौकेच्या निगेचा विषय आपणांस परका मानितां येत नाहीं. हेनिंग होल्क-लार्सन व सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनीं १९३८ सालीं मुंबईंत भागीदारी केली, दुसऱ्या महायुद्धांत जहाजदुरुस्तीचें काम हातीं घेतलें, आणि पुढें १९४८ सालीं कारखान्याकरितां पवईची दलदलीची जमीन घेतली.

गोराई, उत्तन, मढ व वसई येथील आपले कोळी बांधव तर ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जाणीत आले आहेत. पावसाळा आला म्हणजे होडी किनाऱ्यावर ओढावयाची, तळास चिकटलेल्या शिंपा खरवडावयाच्या, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासावयाचा, लांकडास तेल चोपडावयाचें व फाटकें शीड शिवावयाचें, असा क्रम असे. मोडलेलें सांधणें हें सुताराचें काम. मोडूं न देणें हें तांडेलाचें.

रुडोल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याचें यंत्र १८९७ सालीं यशस्वी ठरलें. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या किनाऱ्यावरील होड्यांत यंत्रें बसूं लागलीं. तेव्हां तांडेलास नवा धडा गिरवावा लागला.

या यंत्रांत ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेट घेतें. म्हणून स्वच्छ तेल व स्वच्छ हवा हेंच त्याचें खरें अन्न होय. टाकी अर्धी रिकामी राहिली, तर आंतील दमट हवेचें पाणी होऊन तळाशीं सांचतें. तें वेळोवेळीं काढावें, गाळणी बदलावी. वंगण दुधासारखें पांढुरकें दिसल्यास त्यांत पाणी शिरलें असें समजावें. थंड पाणी खेचणाऱ्या पंपाचें रबरी चाक तपासावें. खारें पाणी पंख्याची धातु खाऊं नये म्हणून लाविलेला जस्ताचा ठोकळा झिजतांच बदलावा. हें सर्व तासांच्या हिशेबानें वहींत नोंदावें.

गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनीं बांधिलेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका २००९ सालीं नौदलांत दाखल झाली. कमांडर दिलीप दोंदे तिच्या बांधणींत स्वतः सहभागी झाले, आणि २००९–१० सालीं तिनेंच एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. २०१२–१३ सालीं अभिलाष टॉमी यांनीं त्याच नौकेंतून कोठेंही न थांबतां ती पूर्ण केली. भरसमुद्रांत मिस्तरी मिळत नाहीं; अशा प्रवाशास आपली नौका खिळ्याखिळ्यानिशीं ठाऊक असावी लागते.

पूर्वीं वारा पडला तरी वल्हें असे. पुढें यंत्र थांबलें तरी शीड असे. आजच्या बहुतेक मासेमारी नौकांवर शीड उरलेलें नाहीं. म्हणून यंत्राची हेळसांड ही आतां किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या घरच्या मंडळींचीच हेळसांड होय. हंगामारंभीं नौकेस धर्मगुरूंचा आशीर्वाद आपण भक्तिभावानें घेतों. परंतु आशीर्वादित नौकेचीही गाळणी वेळेवर बदलावी लागते, हें वाचकांनीं विसरूं नये.