जलप्रलयाची कथा आणि मातीची साक्ष

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या गावांत, घरादारांत व शेतांत गाळाचा थर मागे राहिला. मळईची जमीन कशी तयार होते, हे येथील शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. अशा भागातील महाविद्यालयात प्राचीन पश्चिम आशियाचा इतिहास शिकविताना हजरत नूह (अ.) यांच्या काळातील तुफानाचा विषय निघाला, तर एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. एवढा मोठा पूर आला असेल, तर त्याचा गाळ कोठे तरी सापडला असेलच ना?

या प्रश्नाला दोन टोकाची उत्तरे दिली जातात. नौका सापडली, सर्व काही सिद्ध झाले, असे एक पक्ष सांगतो. पुरावा नाही, म्हणून सारी कथाच कल्पित आहे, असे दुसरा सांगतो. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. माती नेमकी कशाची साक्ष देऊ शकते आणि कशाची देऊ शकत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथांतील वर्णने

बायबलच्या उत्पत्ती या ग्रंथात पाणी सर्व पर्वतांच्या वर चढल्याचे आणि नौका अराराटच्या पर्वतांवर टेकल्याचे सांगितले आहे. नौकेची लांबी, रुंदी व उंचीही दिली आहे. कुरआन शरीफमध्ये मापे नाहीत. भर आहे तो नूह (अ.) यांच्या दीर्घ उपदेशावर, कौमने दिलेल्या नकारावर आणि नौकेत न चढता डोंगराचा आश्रय शोधणाऱ्या पुत्राच्या बुडण्यावर. सूरह हूदमध्ये नौका जूदीवर थांबल्याचा उल्लेख आहे. तुफान साऱ्या पृथ्वीवर आले की केवळ त्या कौमच्या प्रदेशात, याविषयी मुफस्सिरांत मतभेद आहेत. भारतातही शतपथ ब्राह्मणात मनू, मासा आणि नौका यांची कथा येते.

कथांमधील हे साम्य लक्षात घेतले, तरी त्यावरून एकच एक जागतिक पूर आला असे सिद्ध होत नाही. मोठ्या नद्यांच्या काठी राहणाऱ्या समाजांना पुराचा अनुभव असतोच. म्हणून कथेच्या साम्याखेरीज स्वतंत्र पुरावा शोधावा लागतो.

निनवेपासून उरपर्यंत

या शोधाला खरी चालना ३ डिसेंबर १८७२ रोजी मिळाली. ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज स्मिथ यांनी त्या दिवशी लंडन येथे निनवेच्या एका मातीच्या पाटीचे वाचन जाहीर केले. ही पाटी असुर सम्राट अशुरबनिपाल याच्या ग्रंथालयातील होती आणि तिच्यावर गिलगामेश महाकाव्यातील प्रलयकथा कीलाक्षरांत कोरलेली होती. कथा बायबलच्या लिखाणाहूनही जुन्या परंपरेत होती, हे त्यामुळे उघड झाले. पुढे अत्राहासिस आणि सुमेरी झियुसुद्रा यांच्या कथाही उजेडात आल्या.

पाटीवरून कथेचे वय कळले. घटनेचा शोध जमिनीत घ्यावा लागणार होता. दक्षिण इराकमधील उर येथे लिओनार्ड वूली यांचे उत्खनन १९२२ पासून चालू होते. १९२८-२९ च्या हंगामात एका खोल खड्ड्यात मानवी वस्तीच्या अवशेषांखाली सुमारे आठ फूट जाडीचा स्वच्छ गाळ लागला. त्यात खापरे नव्हती की राख नव्हती. गाळाच्या खाली मात्र पुन्हा वस्तीच्या खुणा आणि उबैद संस्कृतीची रंगीत खापरे मिळाली. वूली यांनी हा नूहच्या प्रलयाचा पुरावा मानला आणि वृत्तपत्रांनी ही बातमी जगभर नेली. स्वतः वूली यांच्या मते हा पूर साऱ्या पृथ्वीवरचा नव्हता. तैग्रिस व युफ्रेटिस यांच्या खोऱ्यापुरताच त्याचा विस्तार होता. बातमीत हा भाग मागे पडला.

एक गाळ की अनेक गाळ?

त्याच सुमारास किश येथे पुराचे थर सापडले. १९३१ मध्ये एरिक श्मिट यांना शुरुप्पाक येथेही गाळाचा थर मिळाला. मेसोपोटेमियातील कथांचा नायक याच शुरुप्पाकचा रहिवासी मानला जातो, म्हणून या थराचे महत्त्व अधिक. परंतु कालनिर्णय केल्यावर चित्र बदलले. उरचा गाळ इ.स.पू. सुमारे ३५०० किंवा त्याहून जुना ठरला. शुरुप्पाकचा थर इ.स.पू. सुमारे २९०० चा, तर किशचे थर त्याच सुमाराचे व त्यानंतरचे निघाले. म्हणजे हे एका पुराचे अवशेष नव्हते. उरपासून फार दूर नसलेल्या एरिडू येथे १९४० च्या दशकात इराकी पुरातत्त्वज्ञ फुआद सफर यांनी सेटन लॉइड यांच्यासह उत्खनन केले. तेथे असा थर आढळला नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण भक्कम आहे. त्या खोऱ्यात शहरे उद्ध्वस्त करणारे पूर वारंवार आले. इ.स.पू. २९०० च्या सुमाराची शुरुप्पाकची आपत्ती कथेच्या मुळाशी असणे शक्य आहे, असे काही अभ्यासक मानतात. सर्व पृथ्वी व्यापणारा गाळाचा एकच थर मात्र आढळलेला नाही. काळ्या समुद्रात इ.स.पू. सुमारे ५६०० मध्ये भूमध्य समुद्राचे पाणी एकाएकी घुसले, असा सिद्धांत विल्यम रायन आणि वॉल्टर पिटमन यांनी १९९७ मध्ये मांडला. पाणी एकाएकी चढले की हळूहळू, याबद्दल भूशास्त्रज्ञांत एकमत नाही.

नौकेचा शोध

नौकेबाबतचे दावे याहून कच्चे आहेत. पूर्व तुर्कस्तानात दुरुपिनार येथील नावेच्या आकाराची जागा १९५९ मध्ये हवाई छायाचित्रांत दिसली. ती नैसर्गिक भूरचना असल्याचे भूशास्त्रज्ञांचे मत आहे. मुस्लिम परंपरेतील जूदी पर्वत सामान्यतः तुर्कस्तानातीलच जिझ्रे गावाजवळचा मानला जातो. तो अराराटपासून वेगळा आहे. प्रत्येक परंपरेने जागा आपापल्या परीने निश्चित केली आहे, पुराव्याने ती निश्चित झालेली नाही.

येथे एक तपशील सीमाभागातील वाचकाला जवळचा वाटेल. ब्रिटिश म्युझियमचे आयर्विंग फिंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, इ.स.पू. सुमारे १९०० ते १७०० या काळातील पाटीत नौका गोल सांगितली आहे. दोरांनी विणलेली व डांबर लावलेली ही मोठी टोपलीवजा नाव होती. त्या वर्णनावरून एक लहान प्रतिकृती केरळमध्ये बांधण्यात आली. तुंगभद्रेवरील हरिगोलू ज्याने पाहिला आहे, किंवा गुऱ्हाळाची काहील पुराच्या वेळी नाव म्हणून वापरल्याचे ज्याने ऐकले आहे, त्याला गोल नाव विचित्र वाटणार नाही. कथा सांगणाऱ्याने आपल्या नदीवरील नावच डोळ्यांसमोर ठेवली होती.

भारतातील दोन उदाहरणे

ग्रंथातील पूर आणि उत्खननातील गाळ यांची सांगड भारतातही घातली गेली. बी. बी. लाल यांनी १९५०-५२ मध्ये हस्तिनापूर येथे उत्खनन केले. चित्रित करड्या खापरांच्या वस्तीचा मोठा भाग गंगेच्या पुराने वाहून गेल्याचे त्यांना दिसले. निचक्षू राजाने पुरामुळे हस्तिनापूर सोडून कौशांबीला राजधानी नेली, या पुराणातील उल्लेखाशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. पूर आल्याचा पुरावा तेथे आहे. तो निचक्षूच्याच वेळचा होता, हे मात्र मातीने सांगितलेले नाही. ते अनुमान ग्रंथावरून काढलेले आहे.

दुसरे उदाहरण कृष्णा खोऱ्यातीलच आहे. घोड नदी भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते. या घोड नदीच्या काठी शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. एम. के. धवळीकर, एच. डी. सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी यांचा त्यावरील अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील ही शेतकऱ्यांची वस्ती होती. तेथे दगडमातीचा बंधारा आणि पुराचे पाणी वळविणारा कालवा सापडला. पुराशी झगडणाऱ्या आणि त्याचे पाणी शेतीला घेणाऱ्या लोकांची ही खूण आहे. पुढे ही वस्ती ऱ्हासाला गेली. त्याचे कारण पूर नसून वाढलेला कोरडेपणा असावा, असे धवळीकर यांनी मांडले. नदीकाठची वस्ती उजाड दिसताच पुराला दोषी ठरविणे किती चुकीचे होऊ शकते, हे या उदाहरणावरून कळते.

अल-बेरुनीची दृष्टी

मुस्लिम विद्वत्तेत ही चिकित्सा नवी नाही. अल-बेरुनी (९७३-१०४८) यांनी कालगणनेवरील ग्रंथात तुफानाची परंपरा दिली. त्याचबरोबर इराणी, हिंदी व चिनी लोक ती मान्य करीत नाहीत, आणि काही इराणी मर्यादित पूर मानतात, ही नोंदही प्रामाणिकपणे केली. विरोधी मत त्यांनी झाकून ठेवले नाही. 'किताबुल हिंद'मध्ये त्यांनी डोंगराजवळचे मोठे गोल दगड, पुढे लहान होत जाणारे गोटे आणि समुद्राजवळची वाळू पाहिली. त्यावरून हिंदुस्थानचे मैदान पूर्वी समुद्र असून तो नद्यांच्या गाळाने भरून आला, असा तर्क केला. थर वाचण्याची ही रीत उरच्या उत्खननाच्या नऊशे वर्षे आधीची आहे.

समारोप

इमान गाळाच्या थरावर उभे नाही. तसे ते उभे केले, तर कालनिर्णयाचा एखादा अहवाल येताच ते डळमळेल. नूह (अ.) यांच्या वृत्तांतातील उपदेश, इशारा व सब्र यांचा अर्थ उरच्या खड्ड्याने वाढत नाही आणि एरिडूच्या खड्ड्याने कमीही होत नाही. दुसरीकडे, इतिहासाच्या वर्गात श्रद्धेला पुराव्याच्या जागी बसविता येत नाही. दोन्हींचे क्षेत्र विद्यार्थ्याला नीट समजावून देणे, हे अध्यापकाचे काम आहे.

त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा यांच्या काठी, विहिरीच्या कडेला किंवा नदीने तोडलेल्या दरडीत गाळाचे थर दिसतात. अध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून त्यांची जाडी मोजून घ्यावी. २०१९ व २०२१ च्या पाणीपातळीच्या खुणा गावोगाव नोंदवाव्यात आणि वृद्धांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. प्रत्येक दाव्याला चार प्रश्न विचारावेत : थर कोठे आहे, कोणत्या काळातील आहे, किती दूर पसरला आहे, आणि त्याचा कथेशी संबंध कोणी व कशाच्या आधारे जोडला? अलमट्टीच्या फुगवट्यावरून दोन राज्यांत वाद होतात, तेव्हाही हेच प्रश्न विचारावे लागतात. मोबाईलवर फिरणाऱ्या नौकेच्या छायाचित्राला हे चार प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर सीमाभागातील विद्यार्थी आपल्या गावच्या पुराचाही इतिहास लिहू शकेल.