मंडळाची यादी आणि फुकटचं ऑफिस



आमच्या इंदूरच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत होळकरशाहीतले मोडी कागद होते. कशाचे, ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण वाचणारं कोणी उरलंच नव्हतं. आई दिवाळीच्या आवराआवरीत ते उन्हात टाकायची आणि परत ट्रंकेत ठेवायची. 1998 साली मंडळाने कॉम्प्युटर घेतला, तेव्हा कार्यकारिणीतले एक काका मला म्हणाले, "चला, आता आपली यादी शंभर वर्षं कुठे जात नाही." पुढच्या अकरा वर्षांत तिची मोडी झाली. ती गोष्ट आज लिहितोय. बऱ्याच घरांनी विचारलंय की 2003 च्या पुरवणी यादीत आमचं नाव होतं, ते गेलं कुठे?

यादी म्हणजे कुटुंबांची यादी. इंदूरला कोण कधी आलं, मूळ गाव कोणतं, लेकी कुठे दिल्या, सुना कुठून आल्या. पहिली यादी 1999 च्या स्मरणिकेत छापली. 2003 ची पुरवणी पैशाअभावी छापलीच नाही, ती नुसती कॉम्प्युटरमध्ये राहिली.

तो कॉम्प्युटर जेल रोडवरच्या एका दुकानात जोडून घेतलेला. त्यात वर्ड, एक्सेल सगळं "टाकून" मिळालं. पावती कॉम्प्युटरची, सॉफ्टवेअरची नाही. तेव्हा सगळ्यांकडे तसंच असायचं, आणि ही चोरी आहे असं मनातसुद्धा यायचं नाही, हे कबूल करायला हवं. पैसे मोजून घेतलेली एकच वस्तू होती, मराठी टायपिंगचं पॅकेज. त्याच्याबरोबर एक लॉक यायचा, काडेपेटीएवढा, प्रिंटरच्या पोर्टमध्ये मागून खोचायचा. तो काढला की मराठी बंद. आमचा टायपिस्ट घरी जाताना लॉक खिशात घालून न्यायचा.

आपल्याकडे हिंदीचं टायपिंग सर्रास कृतिदेवमध्ये चालायचं. हिंदीला सरावलेला हात मराठीत अडखळायचाच. 'गोऱ्हे' चं 'गोर्हे' व्हायचं, आणि मग त्या घरचे लोक स्मरणिका घेऊन भांडायला यायचे. पण खरी भानगड वेगळी होती. त्या काळच्या अशा फॉन्टमध्ये लिहिलेल्या फाइलमध्ये मराठी नसायचीच! आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असायची, आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. मुखवटा गेला की आत काय उरतं ते आम्ही 2009 मध्ये पाहिलं.

त्या वर्षी जुनं मशीन बसलं, हार्ड डिस्कसकट. नशिबाने फाइली एका सीडीवर उतरवलेल्या होत्या. नवीन मशीन आलं, त्याला मागे प्रिंटरचं ते लांबट पोर्टच नव्हतं. टायपिस्ट तोवर नोकरीला पुण्याला गेलेला. सीडी लावली, पुरवणी यादी उघडली, तर कंस, टक्केचिन्हं, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. कंपनीला फोन केला, तर नवीन आवृत्ती घ्या असं उत्तर आलं.

त्याच आठवड्यात कार्यकारिणीची बैठक लागली: नवीन कॉम्प्युटरवर ऑफिस कोणतं टाकायचं? "टाकून" आणायचं नाही यावर पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं, कारण मंडळाला आता सरकारी अनुदान मिळू लागलं होतं आणि हिशेब तपासायला माणसं यायची. आमच्यातल्या तरुण सीएने सांगितलं, की घरगुती वापराची स्वस्त आवृत्ती संस्थेला चालत नाही, परवान्यात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. संस्थेसाठीची घ्यायची तर गणेशोत्सवाच्या मांडवाला कात्री. कोषाध्यक्ष काका म्हणाले, "ते ओपनऑफिस फुकट मिळतं म्हणतात, ते घ्या की." त्यावर एक ज्येष्ठ ताई, निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "भाऊ, फुकटचं उद्या बंद पडलं तर कोणाला विचारायचं?"

प्रश्न रास्त होता. मी त्या रात्री बसून त्या फुकटच्या ऑफिसची कुळकथा शोधली. यादीवाला माणूस, दुसरं काय करणार!

मूळ गाव जर्मनीतलं ल्युनेबुर्ग. मार्को ब्योरीस नावाच्या मुलाने शाळकरी वयातच 1985 च्या सुमारास स्टारडिव्हिजन ही कंपनी काढली, स्टाररायटर विकायला लागला, आणि त्याचं पुढे स्टारऑफिस झालं. म्हणजे सुरुवात विकतच्याच मालाने. 1999 मध्ये अमेरिकेच्या सन कंपनीने ती कंपनीच विकत घेतली. का? सनच्या एका अधिकाऱ्याने नंतर सांगितलं, की आमची माणसं 42,000 च्या आसपास, तेवढे मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा ऑफिस बनवणारी कंपनी घेणं स्वस्त पडलं. आमच्या कोषाध्यक्षांना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूष झाले, की पुढे महिनाभर ज्याला त्याला सांगत होते. 2000 मध्ये सनने त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला केला आणि 1 मे 2002 ला ओपनऑफिसची पहिली आवृत्ती आली.

आपल्या सरकारनेही यात हात घातला होता. 2005 मध्ये सीडॅकच्या मार्फत भारतीय भाषांचे फॉन्ट आणि भारतीय भाषांतलं ओपनऑफिस असलेल्या सीडी फुकट वाटायला सुरुवात झाली, आधी तमिळ, मग हिंदी, पुढे मराठीसह इतर भाषा. आपल्या ओळखीत ती सीडी कोणाकडेच नव्हती. आम्ही तरी तीन दिवस नेटवरून उतरवून घेतलं.

बैठकीत मी ताईंना सांगितलं ते एवढंच: कोणाला विचारायचं हा प्रश्न विकतच्याबाबतीतही आपला सुटलेला नाही. लॉक विकतचाच होता. खरा प्रश्न असा, की उद्या हे सॉफ्टवेअर गेलं तर फाइल दुसऱ्या कशात उघडेल का? ओपनऑफिसची ओडीएफ ही फाइलची पद्धत 2006 मध्ये आयएसओचं मानक झाली होती. तिचे नियम छापील आहेत, कोणीही वाचून उघडणारं सॉफ्टवेअर लिहू शकतो. त्या फाइलचं शेपूट बदलून झिप केलं तर आतला मजकूर नोटपॅडमध्येसुद्धा दिसतो, हे मी मशीनवर करून दाखवलं. ताई चष्मा पुढे करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हं, हे ठीक आहे."

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा प्रचारक झाला. मायक्रोसॉफ्टनेही तोवर जुन्या डॉक फाइलचे नियम जाहीर केले होते, आणि 2008 मध्ये त्यांची नवी पद्धतही आयएसओचं मानक झाली. भारताने विरोधात मत दिलं होतं, तरी झाली. म्हणजे विकतचंही सगळं बंद कुलपात होतं असं नाही. आणि आमचा ओपनऑफिसचा पहिला उन्हाळा वैतागाचा गेला. देवनागरीसाठी एक सेटिंग आधी चालू करावी लागे, इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा सांगावा लागे. सदस्यांकडून आलेल्या वर्डच्या फाइली उघडल्या की तक्ते सरकायचे. एका लग्नाच्या स्थळांच्या यादीत वरांच्या रकान्यात वधूंचे फोन नंबर आले. त्यावरून काय झालं ते इथे लिहीत नाही. आणि सीएने ताळेबंद एक्सेलमध्येच मागितला, तो आजही त्याच्याच ऑफिसमधल्या विकतच्या एक्सेलमध्ये होतो. त्यात मला काही गैर वाटत नाही. म्युनिक महापालिकेने 2003 मध्ये फुकटच्या सॉफ्टवेअरकडे जायचं ठरवलं, हजारो कॉम्प्युटर बदलले, आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे फिरायचा ठराव केला. एवढ्या मोठ्या शहराला धड जमलं नाही, तर आम्ही कोण.

2010 मध्ये ताईंची भीती जवळजवळ खरी झाली. सन कंपनी ओरॅकलने घेतली. बनवणाऱ्यांपैकी बरेच जण बाहेर पडले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी लिबरऑफिस नावाने वेगळी चूल मांडली. मालक बदलला, घर फुटलं, नाव बदललं. आम्ही नवीन टाकलं, आमच्या फाइली जशाच्या तशा उघडल्या. त्या दिवशी मी ताईंना मुद्दाम फोन केला.

आता यादीकडे येतो. 1999 ची यादी स्मरणिकेत छापलेली होती, म्हणून वाचली. महिला शाखेच्या सहा जणींनी तीन महिने दुपारी बसून ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. गंमत म्हणजे 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 मध्येच आलं होतं, आणि आमच्या फॉन्टला ते माहीतच नव्हतं. त्यामुळे घरातल्या 'ॲडव्होकेट' लोकांचे चौकोन झाले होते. ते नंतर एकेक करून सुधारले.

2003 ची पुरवणी मात्र अर्धीच हाती आली. सदस्यांपैकी एकाच्या मुलाने 2012 मध्ये फॉन्ट बदलणाऱ्या साधनांनी खटपट केली. साधी अक्षरं आली, जोडाक्षरं फुटली. काही पानांवर नाव आहे तर गाव नाही, गाव आहे तर कुठल्या घरचं ते कळत नाही. यात फुकट ऑफिस कामी आलं नसतं आणि विकतचंही नाही.

सध्या यादीच्या तीन प्रती आहेत: एक लिबरऑफिसची, एक पीडीएफ, आणि एक कागदावर छापून बांधलेली, ताईंच्या हट्टामुळे. त्या आता नाहीत.

पुरवणी तपासायला म्हणून त्या वेळी, 2003 च्या पावसाळ्यात, काही घरांना चार-चार पानांचे प्रिंट वाटले होते. सुदामा नगर, लोकमान्य नगर आणि रामबागेत नक्की दिले होते, मीच सायकलवर नेऊन दिले होते. डॉट मॅट्रिक्सचे, कडेला भोकं असलेले कागद. कोणाच्या कपाटात, पोथीत, ट्रंकेच्या तळाला सापडले तर फेकू नका. फोटो काढून पाठवलात तरी चालेल.