ब्रश कटर वापरताय? पेट्रोल-ऑइलचं प्रमाण चुकलं तर मशीन जाम! वाचा वापर आणि देखभालीची माहिती

पावसाळ्यात बांधावरचं गवत बघता बघता कंबरेला लागतं. मजूर वेळेवर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. त्यामुळे आता गावोगावी पेट्रोलवरचं ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं मशीन दिसू लागलंय. दुकानात मशीन चालू करून दाखवतात, पण पुढचं तेलपाणी आपल्यालाच बघावं लागतं. मागच्या श्रावणात घाईघाईत माझ्याच मशीनमध्ये नुसतं पेट्रोल पडलं. अर्ध्या तासात पिस्टन चिकटला. खर्च झाला तो झालाच, पण ऐन कामाचे आठ दिवस गेले.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

आधी हे बघा. टू-स्ट्रोक इंजिनला ऑइलची वेगळी जागा नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण देतं. प्रमाण १:५० असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली ऑइल लागतं. तुमच्या मशीनचं प्रमाण पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच धरा. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करून हलवून घ्या आणि कॅनवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल नुसतंच टाकायचं. इंजिन ऑइलला वेगळं झाकण असतं. रोज सुरू करण्याआधी मशीन सपाट जागेवर ठेवून ऑइल तपासा.

कशासाठी काय लावायचं?

• मऊ गवत, दगडाजवळची जागा: नायलॉन दोरी
• जाड, उंच गवत: ३ पात्यांचं ब्लेड
• झुडपं, जाड काड्या: जास्त दातांचं गोल ब्लेड

फळबागेत लहान रोपाच्या बुंध्याला दोरी लागू देऊ नका. साल गोल सोलली गेली तर रोप वाळतं. बहुतेक मशीनमध्ये ब्लेडच्या नटाला उलटे आटे असतात. नट निघत नाही म्हणून नेहमीच्या दिशेने जोर लावला तर तो आणखी आवळतो.

काम करताना

आधी शेतातून एक चक्कर मारा. तारेचे तुकडे, दगड, ठिबकच्या नळ्या बाजूला करा. ब्लेडला लागलेला खडा गोळीसारखा उडतो. म्हणून चष्मा, गमबूट, जाड पँट हवीच, कानात बोळे घाला. माणसं, पोरं, जनावरं किमान १५ मीटर लांब ठेवा. ब्लेडवरची जाळी काढून काम करू नका. सहसा उजवीकडून डावीकडे कापत जायचं. गवत अडकलं तर आधी इंजिन बंद करा, ब्लेड थांबू द्या, मगच हात घाला. गरम इंजिनमध्ये पेट्रोल ओतू नका, जवळ बिडी-सिगारेट नको.

देखभाल

• एअर फिल्टर रोज काम संपल्यावर साफ करा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.
• ब्लेडजवळच्या गिअरमध्ये साधारण २५ तासांनी ग्रीस भरा.
• प्लग काळा पडला तर घासून साफ करा.
• फोर-स्ट्रोकचं पहिलं ऑइल लवकर, साधारण १० तासांनी बदला. पुढे पुस्तिकेप्रमाणे.
• ब्लेडला चीर दिसली तर वेल्डिंग करू नका, नवीनच घ्या.

मशीन चालू होत नाही?

दोरी ओढून ओढून पेट्रोलचा वास यायला लागला तर इंजिनमध्ये पेट्रोल जास्त झालंय. प्लग काढा, पुसा, दोरी चार-पाच वेळा ओढा आणि थोड्या वेळाने चोक न लावता सुरू करा. रेस सोडल्यावरही ब्लेड फिरत असेल तर स्लो जास्त आहे किंवा क्लच खराब आहे. तसंच काम चालू ठेवू नका, मिस्त्रीला दाखवा.

हंगाम संपल्यावर

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा धरतं. महिनोन् महिने टाकीत राहिलं तर कार्बोरेटर चोक होतो. टाकी रिकामी करा, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग पुसून कोरड्या जागी ठेवा. एवढं केलं तर पुढच्या पावसाळ्यात मिस्त्रीकडे हेलपाटे मारावे लागणार नाहीत.