यंत्रस्मृतीची परिभाषा: काही प्रलेखांचे वाचन

संगणकशास्त्रातील 'कोअर मेमरी' या संज्ञेला एके काळी हातात धरून दाखविता येईल असा अर्थ होता. फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्या तारांवर ओवून त्यांत अंक साठवीत. त्या जाळीचे हे नाव. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या यंत्रात असा २०४८ शब्दांचा साठा होता. पुढे अर्धवाहक साठ्यांनी ही पद्धत मागे टाकली. २०२३ साली संज्ञा पुन्हा अवतरली ती सर्वस्वी निराळा अर्थ घेऊन. त्या पुनरागमनाचा, आणि ते ज्या प्रलेखांतून कळते त्यांचा, येथे विचार करावयाचा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. भाषिक प्रतिमान मागील संभाषण आपण होऊन स्मरत नाही. प्रशिक्षणात मुरलेले ज्ञान सोडले, तर दर वेळी जो मजकूर त्याच्यापुढे ठेवावा तेवढाच त्यास ज्ञात असतो. या मजकुराच्या मर्यादेस संदर्भ-खिडकी म्हणतात. २०२० सालच्या जीपीटी-३ ची खिडकी २०४८ टोकनांची, म्हणजे शब्दखंडांची, होती. (टिफ्रॅकच्या आकड्याशी हा मेळ योगायोगाचा; दोन्ही दोनाचे घात, इतकेच.) पुढे खिडक्या रुंदावल्या, तरी दिवसेंदिवस एखादे काम चालविणाऱ्या 'एजंट' प्रणालींना त्या अपुऱ्याच पडल्या. तेव्हा मजकूर खिडकीबाहेर साठवून प्रसंगी आत आणणारी साधने निर्माण झाली.

त्यांपैकी मेमजीपीटीचा इतिहास परिभाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांचा त्यावरील निबंध ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मूळ रूपक मनाचे नसून यंत्राच्या कार्यप्रणालीचे आहे. मँचेस्टरच्या ॲटलास यंत्राने १९६२ साली लहान वेगवान साठा व मोठा मंद ड्रम यांत पृष्ठे हलवून, वापरणाऱ्यास एकच विशाल साठा असल्याचा भास निर्माण केला होता. मेमजीपीटीने खिडकीस त्या लहान साठ्याचे स्थान दिले. फरक एवढाच, पण मोठा, की काय आत ठेवावे व काय बाहेर धाडावे याचा निर्णय बव्हंशी प्रतिमानच घेते. खिडकी भरत आली की त्यास तशी सूचना दिली जाते.

आता नावे पाहा. निबंधात खिडकीतील राखीव भागास 'वर्किंग काँटेक्स्ट' म्हटले आहे. त्याच साधनाच्या आज्ञावलीत तो भाग 'कोअर मेमरी' होतो, आणि त्यात एजंटाच्या स्वभावाचा व वापरणाऱ्याच्या माहितीचा असे दोन विभाग दिसतात. सप्टेंबर २०२४ मध्ये साधनाचे नावच लेट्टा झाले, मेमजीपीटी हे नाव एका रचनापद्धतीपुरते उरले, आणि पुढील प्रलेखांत 'मेमरी ब्लॉक' ही संज्ञा रूढ झाली. हे निव्वळ पर्याय म्हणावेत काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. विभाग दोनच होते. ब्लॉक हवे तितके करता येतात व अनेक एजंटांत सामाईकही ठेवता येतात. नावाबरोबर वस्तूही सरकली आहे. यास्तव २०२३ चा निबंध आजच्या प्रलेखाच्या आधारे वाचणारा विद्यार्थी त्यात नसलेली रचना पाहील.

लँगचेनची वाटचाल उलट दिशेची. २०२२ साली निघालेल्या या साधनात आरंभी 'बफर', 'समरी' अशी यांत्रिक नावे होती. २०२४ मध्ये तो वर्गसमूह कालबाह्य ठरविला गेला. त्याच कुळातील लँगग्राफच्या प्रलेखांनी 'सेमँटिक', 'एपिसोडिक', 'प्रोसीजरल' ही मानसशास्त्रीय विभागणी स्वीकारली. यांतील पहिल्या दोहोंचा भेद एंडेल टुल्व्हिंग यांनी १९७२ साली मांडला. त्यांच्या विवेचनात 'एपिसोडिक' म्हणजे व्यक्तीने स्वतः अनुभवलेल्या प्रसंगांचे स्मरण. येथे बहुधा पूर्वी केलेल्या कामांचे नमुने प्रतिमानापुढे ठेवणे इतकेच अभिप्रेत असते. शब्द भारदस्त झाला, क्रिया साधीच राहिली.

मुक्त साधनांच्या बाबतीत जुने पाठ आज्ञावलीच्या भांडारात तारखांसह सापडतात, म्हणून असे पाठभेद लावता येतात. बंदिस्त उत्पादनांच्या साहाय्यपृष्ठांवर मात्र नवा मजकूर जुन्याच्या जागी बसतो. चॅटजीपीटीत स्मृतीची सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये चाचणीसाठी आली, तेव्हा संभाषण पुसल्याने त्यातून टिपलेली नोंद पुसली जात नाही, ती वेगळी काढावी लागते, असे स्पष्ट सांगितले होते. एप्रिल २०२५ मध्ये पूर्वीच्या संभाषणांचाही थेट आधार घेण्याची सोय झाली. 'तुझ्याविषयी काय लक्षात आहे' या प्रश्नाचा अर्थ या दोन तारखांच्या अलीकडे व पलीकडे एक नाही.

विस्मरणाविषयी तर परिभाषा फारच तोकडी आहे. मेमजीपीटीच्या आरंभीच्या आज्ञावलीत कोअर मेमरीत भर घालण्याची एक क्रिया व मजकूर बदलण्याची दुसरी. विसरण्याची स्वतंत्र क्रिया नव्हती. नोंद काढावयाची असल्यास तिच्या जागी रिकामा मजकूर घालावा, असे त्या दुसऱ्या क्रियेच्या वर्णनात सांगितले होते. मूळ संभाषण तरीही बाहेरच्या साठ्यात, शोधून काढता येईल असे, राहतच असे. मराठीत यास 'विसरणे' म्हणता येणार नाही. 'खोडणे' हे क्रियापद अधिक जवळचे, कारण खोडलेले अक्षर खाली वाचता येते.