नेतृत्वकौशल्य : स्वतःची पारख आणि वाढ

माणसे जोडून ठरलेले काम त्यांच्यासह तडीस नेण्याची आणि बऱ्यावाईट परिणामांची जबाबदारी अंगावर घेण्याची कुवत म्हणजे नेतृत्वकौशल्य. ती आपल्यात किती आहे, कुठे तोकडी पडते आणि कशी वाढवता येते, याचा पुढाऱ्याने स्वतः घेतलेला शोध हा या नोंदीचा विषय आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत तो बहुधा कंपन्यांच्या अधिकाऱ्यांपुरता येतो. बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा तालुक्यात मात्र सरपंच, बचत गटाची अध्यक्ष, सोसायटीचा चेअरमन आणि गणेश मंडळाचा कार्यकर्ता अशा सगळ्यांनाच तो लागू पडतो. म्हणून येथील उदाहरणे मुख्यतः याच परिसरातली आहेत.

प्रश्नावली भरून स्वतःला गुण देणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी भरवशाची रीत. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये तर्क, व्याकरण वगैरेंच्या चाचण्या घेतल्या. ज्यांचे गुण सर्वांत कमी आले, त्यांनीच स्वतःबद्दलचा अंदाज सर्वांत जास्त फुगवला होता. पुढाऱ्याच्या बाबतीत यात होयबांची भर पडते. पारावर चार जण मान डोलावतात आणि गाव आपल्या मागे आहे असा समज होऊन बसतो.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांच्या १९५५ च्या ‘जोहारी खिडकी’त स्वभावाचे चार कप्पे आहेत. त्यांतला एक कप्पा इतरांना दिसतो, आपल्याला दिसत नाही. त्यात फक्त दोषच असतात असे समजण्याचे कारण नाही. नांदुऱ्यात राष्ट्रीय महामार्गालगत हनुमंताची १०५ फूट उंच मूर्ती आहे. त्याच हनुमंताला समुद्र ओलांडण्याचे आपले बळ आठवत नव्हते आणि जांबवंताने आठवण करून दिल्यावर तो उड्डाणाला सज्ज झाला, ही किष्किंधाकांडातली कथा गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. वॉर्डातली एखादी बाई तंटा मिटवण्यात वाकबगार असते, पण ‘मले काय येते?’ म्हणून मागेच राहते. तिला स्वतःची पारख करायची तर आधी कुणीतरी जांबवंत भेटावा लागतो.

गावपातळीवर पारखीची साधने दप्तरातच असतात, फक्त ती त्या नजरेने कुणी उघडत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हावी लागते. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या हजर हवी. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. खरी गोम इथेच आहे. पहिली सभा ओस पडू द्यायची आणि तहकूब सभेत मोजक्या माणसांत ठराव उरकायचे, ही वाट कायद्यात बसते, पण ज्या सरपंचाची ती सवय झाली त्याने आपल्या नेतृत्वाबद्दल वेगळी प्रश्नावली भरण्याची गरज नाही. हजेरी वहीत सह्या सभेत झाल्या की नंतर घरोघरी फिरून घेतल्या, हे त्याला स्वतःला पक्के माहीत असते. इतिवृत्तात प्रश्न विचारणाऱ्यांची नावे किती, ती दर वेळी तीच का, महिला सभेतला विषय पुढे ग्रामसभेच्या ठरावात उतरला का, एवढे चार सभांचे कागद शेजारी ठेवून पाहिले तरी बरेच कळते.

महिलांच्या बाबतीत एक प्रश्न आधी सोडवावा लागतो : पारख नेमकी कोणाची करायची? १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हा ‘सरपंचपती’चा प्रकार या आरक्षणाच्याच सावलीत वाढला. खुर्चीवर कोण बसते, ग्रामसेवक फोन कोणाला करतो, तहसीलला अर्ज घेऊन कोण जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे सरपंचबाईंनी स्वतःशी प्रामाणिकपणे दिली तर पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम आपोआप ठरतो.

बचत गटांत ही पारख अधिक काटेकोर असते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि हिशोबाचे लेखन ही पंचसूत्री पाळली जाते का, हे पाहून गटाची प्रतवारी होते आणि बँकेचे कर्ज त्यावर अवलंबून असते. नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकांशी जोडण्यास सुरुवात केली, तेव्हापासून ही शिस्त रुजत आली. गुण गटाला मिळतात, पण त्यांतून अध्यक्ष-सचिवांचे काम उघडे पडते. अंतर्गत कर्ज दर वेळी त्याच तिघींना जात असेल, तर बचत वेळेवर भरली जात असूनही त्या गटाचे नेतृत्व लंगडे आहे. पदे आलटून पालटून द्यावीत असे प्रशिक्षणात सांगतात. प्रत्यक्षात अनेक गटांत पहिलीच अध्यक्ष वर्षानुवर्षे राहते, कारण सही बदलायची म्हणजे ठराव, फोटो, कागदपत्रे आणि बँकेच्या चकरा. आळसाला निष्ठेचे नाव मिळते ते असे.

पुढारी जागेवर नसताना काय होते, ही सर्वांत बोलकी कसोटी. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांच्या गटांना हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट सोडणाऱ्या पद्धतीचे म्होरके दिले होते. हुकूम सोडणारा म्होरक्या खोलीबाहेर गेला की काम ढेपाळे. विचारविनिमय करणाऱ्याच्या गटात ते बऱ्यापैकी चालू राही. नांदुऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर जलंबनंतर शेगाव लागते. तेथील श्री गजानन महाराज संस्थान हे या कसोटीचे मराठी मुलखातले ठळक उदाहरण. शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशके संस्थानची धुरा वाहिली. गावोगावचे सेवेकरी पाळीपाळीने येतात, मोबदला न घेता रांगा, महाप्रसाद, स्वच्छता सांभाळतात आणि पाळी संपली की शेतावर परततात. माणूस बदलतो, कामाची रीत बदलत नाही. ४ ऑगस्ट २०२१ रोजी भाऊंचे निधन झाले. त्यानंतरही दर्शनाची रांग आणि महाप्रसादाची पंगत पूर्वीच्याच शिस्तीने चालू राहिली. व्यवस्थापनाचे अभ्यासक तेथील स्वच्छतेवर भाळतात. नोंद घेण्याजोगी गोष्ट खरे तर भाऊंनंतरही टिकलेली ही शिस्त आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात महंताची लक्षणे सांगताना त्याने आपल्यासारखे आणखी महंत घडवावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. तिचा रोख हाच.

वाढीच्या उपायांत पीटर ड्रकर यांचा उपाय फुकट आणि उपयोगी आहे. महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय निष्पन्न होईल हे लिहून ठेवायचे आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून पाहायचे. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पीकपाण्याची भाकिते जाहीर होतात. ती खरी ठरली की नाही यावर वर्षभर चर्चा झडते. पुढाऱ्याने स्वतःच्या अंदाजांना तेवढीच चिकित्सा लावावी. ‘दिवाळीपर्यंत पाणीपट्टीची निम्मी थकबाकी वसूल होईल’ असे मृगाच्या सुमारास वहीत लिहिले असेल, तर दिवाळीत सबबी सांगायला जागा उरत नाही.

शिक्षणाच्या सोयी आहेत. पुण्याच्या यशदामार्फत पंचायत सदस्यांसाठी प्रशिक्षणाचे कार्यक्रम आखले जातात, ‘उमेद’ अभियान गटांच्या पदाधिकाऱ्यांना शिकवते. तरी काम हातात घेऊन जे शिकले जाते त्याची सर वर्गाला येत नाही. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावकरी आधी पाणलोटाचे प्रशिक्षण घेत आणि मग ४५ दिवस श्रमदान चाले. २०१८ मध्ये नांदुऱ्याला लागून असलेल्या मोताळा तालुक्यातील सिंदखेडने राज्यात दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस विभागून मिळवले. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटे किती कुदळी आल्या हा आकडा रोज सगळ्यांसमोर असे. काल पन्नास आणि आज वीस आले तर कारण शोधायला संध्याकाळी दारोदार जावे लागे. भाषण करणाऱ्यांपेक्षा असे दार ठोठावणारे त्या दीड महिन्यात जास्त शिकले असावेत.

या साऱ्याला एक मर्यादा आहे. तालुक्यात पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पामुळे गावे उठवावी लागली. भूसंपादन, मोबदला आणि नव्या गावठाणाच्या सोयी हे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले. अशा गावात पुढाऱ्याचे स्वतःचे शेतही बुडीत क्षेत्रात असते. सगळ्यांनी एकत्र थांबावे असे तो सांगतो, पण मोबदल्याचा धनादेश त्याच्याही घरी येतो. तो केव्हा स्वीकारला आणि ते गावाला आधी सांगितले का, हे कोणत्याही प्रश्नावलीत विचारलेले नसते. नव्या गावठाणात मात्र ते सगळ्यांच्या लक्षात असते.