वारसाहक्काची बंदूक : कालनिश्चिती

शिरूर-दौंडकडे भीमा-घोडकाठच्या एखाद्या जुन्या वाड्यात आजोबांची दुनळी बारा बोअर निघाली, की घरचे तिला ‘शंभर वर्षांची’ ठरवून मोकळे होतात. नळीवरचे ठळक नाव अनेकदा कारखानदाराचे नसून विक्रेत्याचे असते. त्यावर भिस्त ठेवू नये. बंदूक रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडून करून नळ्या उतरवाव्यात. खरी जन्मखूण नळीच्या बुडाशी, सपाट पोटावर असते. मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ ही अक्षरे बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची, 1904 ते 1954 या काळातली. ‘नॉट फॉर बॉल’ असेल तर 1875 ते 1887. लंबवर्तुळातील ‘ईएलजी’ म्हणजे बेल्जियममधील लिएज. त्यावर मुकुट असल्यास 1893 नंतरची. बाहेर दिसणारे घोडे जुनेपणाची खूण खरी, पण पुरावा नव्हे. अशा बंदुका विसाव्या शतकातही बनत होत्या. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसल्यास ती दमास्कस पद्धतीची. त्यात आधुनिक काडतूस घालू नये. घासूनपुसून चकाकी आणणे हा सर्वांत मोठा घात, कारण खुणाच पुसल्या जातात. जुना परवाना सापडल्यास नोंदीतला क्रमांक ताडून पाहावा. बंदूक जुनी असली तरी चालू शकत असेल, तर शस्त्र अधिनियम, 1959 नुसार वारसाला परवाना लागतोच.