पिशवीतली हवा आणि ईदचं गोश्त

बकरी ईद जिलहिज्जच्या दहा तारखेला. त्यानंतरचे तीन दिवस, म्हणजे अकरा ते तेरा, यांना 'अय्यामे तशरीक' म्हणतात. या नावाचा अर्थ विचारला तर बहुतेकांना त्या दिवसांत फर्ज नमाजनंतर म्हटली जाणारी तकबीर आठवते. जुने भाषाकार मात्र जी व्युत्पत्ती सांगतात ती थेट स्वयंपाकघरातली आहे. तशरीक म्हणजे मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवणं. मिनाच्या मैदानात कुर्बानी व्हायची, उरलेलं मांस हाजी लोक असंच वाळवून परतीच्या वाटेला बांधून घ्यायचे. त्या वाळवलेल्या मांसाला 'कदीद' असा शब्द आहे.

हे मुद्दाम सांगतोय. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे ईदच्या आठवड्यात पिशवीतली हवा काढून तोंड चिकटवणारी छोटी यंत्रं दिसू लागलीत. त्यावर 'हे काय नवीन फॅड' अशी कुरबूर ऐकू येते. साधन नवं आहे, गरज नाही.

मांस साठवावं की नाही, हा वादही तितकाच जुना. एका वर्षी प्रेषित मुहंमद (स.) यांनी कुर्बानीचं मांस तीन दिवसांपेक्षा जास्त घरात ठेवायला मनाई केली होती. पुढच्या वर्षी लोकांनी विचारलं, यंदाही तसंच करायचं का? तेव्हा परवानगी मिळाली: खा, साठवा आणि दान करा. हजरत आयेशांच्या हवाल्याने 'सहीह मुस्लिम'मध्ये कारण दिलेलं आहे. त्या वर्षी वाळवंटातली गरीब कुटुंबं आसऱ्याला मदिनेत आली होती. त्यांच्या पोटात अन्न जावं म्हणून ती मनाई होती. म्हणजे आक्षेप साठवण्याला नव्हता, शेजारी उपाशी असताना साठवण्याला होता.

आता यंत्राकडे येऊ. हवा काढली की अन्न टिकतं, ही कल्पना साडेतीनशे वर्षं जुनी आहे, आणि त्यातला मोठा काळ ती चुकीच्या कारणासाठी बरोबर मानली गेली. सतराव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत ओटो फॉन गेरिक यांनी हवा उपसणारा पंप बनवला. त्याचं ऐकून इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल आणि रॉबर्ट हूक यांनी १६५९ च्या सुमारास आपला पंप तयार केला. पुढे बॉइलसोबत काम केलेल्या देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७० च्या दशकात फळं आणि मांस काचेच्या भांड्यात घालून, हवा काढून, ती किती दिवस टिकतात हे तपासलं. हा तोच पापँ, ज्याच्या १६७९ च्या 'डायजेस्टर'मधून आपला प्रेशर कुकर आला. पाया शिजवताना ज्याची आठवण काढायला हरकत नाही असा माणूस.

१८१० मध्ये पॅरिसच्या निकोला आपेर या मिठाईवाल्याने पुस्तक लिहून आपली पद्धत जाहीर केली. बाटलीत अन्न भरायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. ते का टिकतं, हे मात्र त्याला नीट सांगता येईना. तेव्हा गे-ल्युसाक या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने त्या बाटल्यांमधली हवा तपासली. तिच्यात ऑक्सिजन नव्हता. त्याने निष्कर्ष काढला की ऑक्सिजन नाही म्हणून अन्न सडत नाही. निरीक्षण खरं, निष्कर्ष चूक. खरं काम उष्णतेने केलं होतं, तिने जंतू मारले होते. ते कळायला पाश्चरची वाट पाहावी लागली, म्हणजे आणखी पन्नास वर्षं.

गे-ल्युसाकची ती चूक आजही जिवंत आहे. 'व्हॅक्युम केलंय, आता त्याला काही होत नाही' असं आमच्याकडे बिनधास्त म्हटलं जातं. ज्यांना तसं वाटतं त्यांनी बेल्जियममधल्या एलेझेल गावाची गोष्ट ऐकावी.

डिसेंबर १८९५. गावात एक अंत्यविधी होता आणि तिथल्या बँडवाल्यांनी नंतर एकत्र जेवण केलं. जेवणात खारवलेलं डुकराचं मांस होतं. (आपला संबंध नाही म्हणून सोडून देऊ नका, जंतू हलाल-हराम पाहत नाही.) ३४ जण आजारी पडले. एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, गिळता येईना, बोलता येईना. तिघे मेले. गेंट विद्यापीठातले प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंगेम यांनी शोध घेतला. मांसाचा तो तुकडा पिंपाच्या तळाशी, खारट पाण्यात पूर्ण बुडालेला होता. त्याच जनावराचा वर राहिलेला भाग लोकांनी आधी खाल्ला होता आणि त्यांना काहीही झालं नव्हतं. हवा न मिळालेला तुकडाच विषारी ठरला. त्यातून त्यांनी जो जंतू वेगळा केला तो हवा नसेल तिथेच वाढणारा निघाला. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. नावातला 'बोट्युलस' म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज, कारण त्याआधी सत्तरेक वर्षांपूर्वी जर्मनीत युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने सॉसेजमधून होणाऱ्या अशाच विषबाधेचा अभ्यास केला होता.

याचा अर्थ असा की हवा काढलेली पिशवी या जंतूसाठी घरच ठरते. त्याला रोखते ती थंडी. उणे १८ अंशांवर तो वाढत नाही. पण मरतही नाही, बीजरूपात पडून राहतो. म्हणून हवा काढलेलं पाकीट ओट्यावर रात्रभर वितळायला ठेवू नये. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवावं. मासळी असेल तर पिशवीचं तोंड आधी कापून मगच, कारण माशांत आढळणारा या जंतूचा प्रकार फ्रीजच्या तीन-चार अंशांतही वाढू शकतो. दिवसभर वीज गेली आणि गोश्त मऊ पडलं, तर पिशवी अजून घट्ट दिसते एवढ्यावर भरवसा ठेवू नये.

मग हवा काढायचीच कशाला? त्याचं उत्तर फ्रीझरच्या भिंतीवर साचलेल्या बर्फात आहे. फ्रीझरमधली हवा कोरडी असते. मांसातला बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो. ते पाणी भिंतीवर जाऊन बसतं आणि बोटीवर करडे, चामड्यासारखे चट्टे उरतात. वर चरबीला ऑक्सिजन लागून खवट वास येतो, तो वेगळाच. पिशवी मांसाला चिकटून बसली की वाफेला उडायला जागाच राहत नाही.

ही गोष्ट व्यापाऱ्यांना लवकर कळली. क्लॅरेन्स बर्डसाय हा अमेरिकन माणूस १९१२ ते १९१५ या काळात लॅब्राडोरमध्ये होता. तिथले इन्युइट लोक मासा पकडून कडाक्याच्या वाऱ्यात ठेवत, तो क्षणात गोठे आणि महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागे. गोठणं जितकं जलद तितके बर्फाचे कण बारीक, आणि मांसाच्या पेशी तितक्या शाबूत, हे त्याच्या लक्षात आलं. १९२९ मध्ये त्याची कंपनी २ कोटी २० लाख डॉलरला विकली गेली. मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेल्या अन्नाची पाकिटं विक्रीला आली. त्याच दशकाच्या शेवटी फ्रान्समध्ये मांस रबराच्या लवचीक पिशवीत घालून हवा काढून गोठवण्याची युक्ती निघाली. अमेरिकेत तीच 'क्रायोव्हॅक' नावाने वाढली. घरगुती यंत्र यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

आपला घरचा फ्रीझर बर्डसायच्या यंत्राइतका जलद नाही. म्हणून पाकीट पातळ, पाटीसारखं चपटं करावं, आणि ईदच्या दिवशी एकदम वीस पाकिटं एकावर एक रचू नयेत. नल्ली, चाप यांची टोकं पिशवीला भोक पाडतात, तिथे कापडाची घडी ठेवावी. मसाला लावलेलं किंवा रस्सा असलेलं मांस आधी डब्यात गोठवून मग पिशवीत घालावं, नाहीतर यंत्र हवेबरोबर रस्साही ओढतं. आणि हवा काढल्यावर गोश्त जांभळट पडतं. ते खराब झालेलं नसतं, त्याला ऑक्सिजन मिळत नाही म्हणून रंग बदलतो. पिशवी उघडली की थोड्या वेळात पुन्हा लाल होतं. दरवर्षी कुणी ना कुणी हा रंग पाहून घाबरतं.

मराठवाड्यात ज्यांच्याकडे फ्रीज नव्हता त्यांनी उन्हावरच भागवलं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात दलित घरांतल्या वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांबद्दल, चान्यांबद्दल लिहिलंय. माझ्या लेखी चान्या आणि मिनाचं कदीद ही सख्खी भावंडं आहेत.

मिनात आता पट्ट्या वाळत नाहीत. हाजींची संख्या वाढली तसं तिथलं मांस खपेना, पुरून टाकावं लागे. १९८३ मध्ये इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेच्या देखरेखीखाली तिथे एक योजना सुरू झाली. कुर्बानीचं मांस गोठवून गरीब देशांत पाठवलं जाऊ लागलं. शीतगृहाचा यापेक्षा चांगला उपयोग मला माहीत नाही. आमच्या मोहल्ल्यात मात्र मोठ्या फ्रीझरचा उलटा परिणाम मी पाहतो. पूर्वी तीन हिस्से करणं हा रिवाजही होता आणि नाइलाजही. घरात ठेवून सडण्यापेक्षा वाटलेलं बरं. आता नाइलाज संपला. नातेवाइकांचा हिस्सा अजून जातो, कारण तो परत येतो. तिसरा हिस्सा जरा हलका झालाय. यंत्र लावण्याआधी तो घराबाहेर पडला पाहिजे, असं माझं घरात म्हणणं असतं.

आणखी एक गोष्ट या फ्रीझरला चिकटलेली आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या बिसाहडा गावात जमावाने एका घरात घुसून एका माणसाला ठार मारलं. घरात गोमांस असल्याची अफवा होती. नंतर मांसाचा नमुना तपासायला गेला. ईद होऊन तीन दिवस झाले होते, म्हणजे तो तशरीकचा शेवटचा दिवस होता. आपल्या राज्यात त्याच वर्षी मार्चमध्ये गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला होता. त्यातलं एक कलम असं होतं की राज्याबाहेर कापलेल्या गोवंशाचं मांस घरात असणंही गुन्हा. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम खासगीपणाच्या हक्काचा भंग करतं म्हणून रद्द केलं. निकाल चांगला होता. पण फ्रीझर उघडताना कायद्याची कलमं कुणाला आठवत नाहीत, बिसाहडा आठवतं.

कापून गोठवलेलं मांस कशाचं आहे हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. पारदर्शक पिशवीत तर सगळी पाकिटं सारखीच दिसतात. म्हणून मी प्रत्येक पाकिटावर पक्क्या शाईने मराठीत लिहितो: बोकड, रान, ईदची तारीख. पॅकिंगची पुस्तकं तारीख आणि तुकडा एवढंच लिहायला सांगतात. पहिला शब्द आम्ही आमच्या बाजूने वाढवलाय. बकरा घेतल्याची पावती फ्रीजवरच्या डब्यात असते, शेवटचं पाकीट शिजेपर्यंत.